गालावरची लाली झाकताना

लाजेनं गाल लाल झाले तर सगळ्यांना कौतुक वाटतं. पण तीच लाली गालावर कायमच्या मुक्कामाला आली तर?

नांदेडच्या एका शाळेत मी सकाळच्या चार तासिका घेते. एका एप्रिलमध्ये पाचवीतल्या मुलीनं भर वर्गात विचारलं, "बाई, तुम्ही रडलात का?" मी रडले नव्हते. घरी येऊन आरशात पाहिलं, तर नाक आणि दोन्ही गाल तांबूस, मध्येच बारीक पुळ्या. गरम चहा घेतला की तोंड नुसतं पेटायचं.

मग आपण सगळ्याजणी करतो तेच मी केलं. लिंबू-बेसन झालं, मुलतानी माती झाली, आग मात्र वाढत गेली. शेजारणीनं मायेनं एका मलमाची ट्यूब दिली. चार दिवसांत चेहरा लख्ख! तीन महिने मी ते लावत राहिले. बंद केलं आणि लाली दुपटीनं परत आली. आगीतून फुफाट्यात!

मे महिन्यात लातूरला माहेरी भाचीचं लग्न होतं. दारातच वहिनी म्हणाल्या, "अहो वन्सं, तोंडाला काय झालं? भाजलं की काय?" त्यानंतर फोटोची वेळ आली की मी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायची. आज त्या अल्बममध्ये सगळं गणगोत आहे, नवरीची आत्या तेवढी नाही.

परत आल्यावर त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी ट्यूब पाहायला मागितली. त्यात स्टेरॉइड होतं. मूळ दुखणं होतं रोझेशिया. यात चेहऱ्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या चटकन फुलतात आणि पुढे पुढे फुललेल्याच राहतात. बहुधा तिशीनंतर सुरू होतं आणि बायकांत जास्त दिसतं. ते संसर्गजन्य नाही आणि अस्वच्छतेनंही होत नाही. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर लाली स्पष्ट दिसत नाही, चेहरा काळपट-तपकिरी वाटतो. म्हणून "उन्हानं रापलीस" म्हणून ते सोडून दिलं जातं.

स्टेरॉइडचं मलम सूज तात्पुरती दाबतं, पण दीर्घकाळ लावलं तर कातडी पातळ होते आणि त्याचीच सवय लागते. २०१८ साली केंद्र सरकारनं स्टेरॉइडच्या अनेक मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय होणारी विक्री बंद केली, ती उगीच नाही. तुमच्या कपाटात गोरेपणाची किंवा 'कशावरही चालणारी' ट्यूब असेल तर तिच्यावरची नावं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही सगळी स्टेरॉइडच. बरेच महिने लावत असाल तर ती सोडतानाही डॉक्टरांना विचारा.

औषधाला गुण यायला महिने लागतात. तोवर शाळा आहे, लग्नकार्यं आहेत. तेव्हा लाली झाकण्यात गैर काहीच नाही, मात्र रीत नीट हवी.

चेहरा साध्या पाण्यानं धुवा. पंचानं टिपून घ्या, घासू नका. सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर लावा. थोड्या वेळानं एसपीएफ ३० किंवा अधिकचं सनस्क्रीन लावा. झिंक ऑक्साइडचं असेल तर ते नाजूक कातडीला सहसा सोसतं. दहा मिनिटं थांबा, मग रंगाकडे वळा.

पिवळट पडलेल्या पांढऱ्या कपड्याला आपण नीळ देतो ना? एक रंग दुसऱ्याला मारतो. तसा लाल रंगाला हिरवा मारतो. म्हणून लाली झाकायचं कन्सीलर हिरवट असतं. पण गव्हाळ रंगावर ते जास्त झालं की चेहरा राख फासल्यासारखा दिसतो. एका गालाला ज्वारीच्या दाण्याएवढं पुरे, तेही फक्त लाल भागावर आणि अनामिकेनं थोपटून. सावळ्या रंगाला हिरव्यापेक्षा पिवळसर छटा बरी दिसते. त्यावर फाउंडेशनचा पातळ हात. त्याची छटा दुकानातल्या दिव्याखाली निवडू नका. मानेजवळ लावून दारात उजेडात पाहा. थोपटायचा स्पंज दर वेळी धुवून वाळवा.

नवी वस्तू आधी दोन-तीन दिवस जबड्याखाली थोडी लावून पाहा. जळजळ झाली तर नको. स्क्रब, ब्लीच, वाफ आणि वासाचं टोनर यांना रजा द्या. कातडी सोललेली किंवा चिघळलेली असेल तर त्या दिवशी रंग नकोच. आणि कितीही थकलात तरी रात्री चेहरा हलक्या हातानं स्वच्छ करून मगच झोपा.

नुसतं झाकून मात्र भागत नाही. ऊन, चुलीची धग, झणझणीत तिखट, वाफाळता चहा आणि मनावरचा ताण यांनी लाली उसळते. आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. म्हणून बाहेर पडताना छत्री घ्या, चहा कोमट करून प्या, पोळ्या करताना खिडकी उघडी ठेवा. कशानं लाली वाढली ते पंधरा दिवस वहीत लिहा, तुमचा वैरी कोण ते कळेल.

डोळे चुरचुरत असतील, किंवा लालीबरोबर ताप, सांधेदुखी, केस गळणं असेल, तर घरी प्रयोग नकोत. ते दुसरंच दुखणं असू शकतं. नांदेडला विष्णुपुरीच्या शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि लातूरच्या विलासराव देशमुख वैद्यकीय संस्थेत त्वचारोग विभाग आहे. तिथं दाखवा, आणि जाताना तोंडावर काही न लावता जा. डॉक्टरांना खरा चेहरा दिसला पाहिजे.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. चारचौघांत खुशाल झाकून ठेवा, पण डॉक्टरांपुढे ती मूठ उघडा. माझी लाली पुरती गेलेली नाही, उन्हाळ्यात डोकावतेच. पण यंदा लातूरला भाचीच्या बाळाचं बारसं झालं, तेव्हा बाळाला मांडीवर घेऊन मी फोटोत पहिल्या रांगेत बसले होते.