मुलाचं तोंड उघडत नाही, सर्जन कुठे शोधायचा?

या विषयावर लिहितोय म्हटल्यावर आमच्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी मला थांबवलं. म्हणाले, "मास्टर, लिहायचंच तर उर्दूत लिहा. मराठीत लिहिलं की लोक म्हणतील, बघा, यांच्या वस्त्या अशाच." त्यांच्या वयाचा मान ठेवून मी मान हलवली, घरी आलो आणि मराठीतच लिहायला बसलो. सुपारी-गुटखा कुठल्या एका धर्माचा नाही. आमच्या शाळेच्या भिंतीवरच्या पिचकाऱ्यांत सगळ्या समाजांचा वाटा आहे. पण मी आधी माझ्या अंगणातलं सांगणार.

मी नववी-दहावीला उर्दू आणि मराठी शिकवतो. नववीतला एक मुलगा धडा वाचायला उठला की शब्द तोंडातल्या तोंडात राहायचे. हाच मुलगा सातवीत असताना जलशात नात म्हणायचा. एकदा मी चिडून म्हणालो, "अरे, तोंड उघडून वाच." तो म्हणाला, "सर, इतनाच खुलता." वर्ग हसला. मीही हसलो, हे कबूल करायला हवं. बी.एड.ला मी बालमानसशास्त्राचा पेपर दिला, पण माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावायला हवीत, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. त्याच्या तोंडात जेमतेम दीड बोट जात होतं. तिखटाची आग व्हायची, शिट्टी वाजत नव्हती, फुगा फुगवता येत नव्हता. गाल आतून पांढुरके आणि दोरीसारखे ताठ.

वडील रिक्षा चालवतात. ते म्हणाले, "तंबाखू नहीं खाता सर, खाली सुपारी." इथेच आपण सगळे फसतो. मीठी सुपारी आपण लग्नात लहान पोरांच्या हातावर ठेवतो. गालाच्या आतले तंतू घट्ट करणारा हा आजार, ओरल सबम्युकस फायब्रोसिस, होतो तोच सुपारीने. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला, तंबाखू नसलेल्या सुपारीलाही, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

मग सुरू झाला डॉक्टरचा शोध. पहिल्या दवाखान्यात सांगितलं, अक्कलदाढ येतेय, वेदनाशामक गोळ्या. दुसरीकडे जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल. तिसरीकडे गुळण्यांची पूड. पाच महिने गेले. शेवटी एका तरुण डेंटिस्टने टॉर्च लावून बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, हे माझं काम नाही. चिठ्ठीवर लिहून दिलं: ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन. म्हणजे तोंड, जबडा आणि चेहरा यांचा शल्यविशारद. आम्ही मोहल्ल्यात विचारलं तर कुणी कान-नाक-घशाच्या डॉक्टरचा पत्ता दिला, कुणी म्हणालं सरळ मुंबईला टाटाला घेऊन जा.

म्हणून वाचकांसाठी सांगतो. बी.डी.एस. म्हणजे दातांचा डॉक्टर. त्यानंतर तीन वर्षं शिकून एम.डी.एस. होतं, पण त्यातही शाखा आहेत: कुणी तारा लावतो, कुणी हिरड्या बघतो, कुणी कवळ्या बसवतो. पाटीवर एम.डी.एस. दिसलं की "कशात?" हे विचारायचं. लाजायचं नाही. राज्य दंत परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही विचारायचं.

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दातांची खुर्ची आहे, सर्जन नाही. शासकीय दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर, औरंगाबाद अशा मोठ्या शहरांत. आम्ही औरंगाबाद गाठलं. निदानाला दहा मिनिटं लागली. सुपारी कायमची बंद, गालात दर आठवड्याला एक इंजेक्शन आणि रोज तोंड उघडण्याचा व्यायाम. आजार फार वाढला असता तर ताठ पट्टे कापून तिथे दुसरी त्वचा किंवा चरबी बसवावी लागली असती. पूर्वीसारखं तोंड होणार नाही, आणि पुढे कर्करोग होऊ शकतो म्हणून तपासणी आयुष्यभर, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

तीन इंजेक्शनांनंतर मुलगा जायचा थांबला. मी घरी गेलो. वडिलांनी हिशेब मांडला: दोघांचं एसटीचं भाडं, बाहेरचं जेवण, रिक्षाचा बुडालेला दिवस. औषधाच्या कित्येक पट खर्च रस्त्यावर होत होता. आठवड्याला एक इंजेक्शन! त्यासाठी महिन्यातून चार दिवस एक शिकलेला सर्जन तालुक्याला बसवता येत नाही? राज्याने २०१२ साली गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही हा कायदा २००३ चा. आमच्या फाटकासमोर आज मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळते. दोन्ही एकत्र केल्या की झाला गुटखा. बंदीचा आदेश काढायला सरकारला वेळ आहे, तिच्या अपयशाने बंद झालेली तोंडं उघडायला माणूस नाही.

आणि आपण? रमजानच्या आधी आपल्याकडे शिबिरं भरतात. साखर तपासतात, चष्मे वाटतात. टॉर्च घेऊन कुणाच्या गालात डोकावलेलं मी एकाही शिबिरात पाहिलेलं नाही. जकातीतून गरिबाच्या उपचाराला मदत होते, मग दर आठवड्याला दवाखान्यात जाणाऱ्या एका गाडीचं डिझेल का नाही? पहिल्या सफमध्ये उभा राहणारा दुकानदार मला म्हणाला, "मास्टर, मी नाही विकलं तर शेजारचा विकेल." हीच सबब दारूवाल्याने दिली तर आपण ऐकून घेऊ का? आणि सुटत नाही म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, रोज्यात सहरीपासून इफ्तारपर्यंत कशी सुटते?

बायकांचं तर आणखी अवघड. माझ्या खालांना मिश्रीची सवय. गालात पांढरा चट्टा वर्षभर होता. तुकडा काढून तपासायचं ठरलं, तर घरातल्याच पदवीधरांनी घाबरवलं, सुई लागली की पसरतो. तपासणीने कर्करोग पसरत नाही, थांबल्याने पसरतो. पंधरा दिवस-तीन आठवड्यांत न भरलेली जखम घरी ठेवायची नसते. बुजुर्ग ज्या बदनामीला घाबरतात, ती मला खालांच्या त्या गेलेल्या वर्षापुढे फार लहान वाटते.

मुलाच्या भाड्यासाठी आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली. इंजेक्शनं पुन्हा सुरू आहेत. व्यायामासाठी तो आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरतो. सुरुवातीला बारा मावत होत्या, परवा मधल्या सुट्टीत त्याने मला पंधरा मोजून दाखवल्या. फाटकासमोरची पुड्यांची माळ तिथेच लटकते आहे.