ध्येय तुमचें, पाठ आमची!

पुण्याच्या बुधवार पेठेंत, दगडूशेठ गणपतीच्या देवळासमोर, भिडे वाड्याची जागा आहे. याच वाड्यांत 1848 सालीं जोतीराव फुल्यांनीं मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई शिकवूं लागल्या. तेथून जवळच पुस्तकांच्या दुकानांची ओळ लागते. त्या दुकानांत ध्येयवाद हवा तितका विकत मिळतो; वेदान्त आहे, ध्येयवादी कादंबऱ्या आहेत, पुढाऱ्यांचीं जाडजूड चरित्रें आहेत. वाचकहो, हा सारा माल पाहून आमच्या मनांत शेतकऱ्याचा एकच प्रश्न येतो : पीक मोठें आलें म्हणतां, तर खळ्यावर कोणाच्या पदरांत काय पडलें?

ध्येयवाद म्हणजे काय, तें आधीं सरळ भाषेंत सांगतों. डोळ्यांना दिसतें आणि हाताला लागतें तें खरें नव्हे, त्याच्यापलीकडची कल्पना तेवढी खरी, असें मानणारें हें तत्त्वज्ञान आहे. ग्रीस देशांत सुमारें चोवीसशें वर्षांपूर्वीं प्लेटो नांवाचा पंडित होऊन गेला. त्यानें पलंगाचा दाखला दिला आहे. खरा पलंग एकच, तो देवानें केलेला. सुतार करतो ती त्याची नक्कल. आणि चितारी काढतो ती नकलेची नक्कल! सुतारदादा, ऐकलेंत ना? रंधा मारून खांदा तुमचा दुखला, पण पलंग कांहीं खरा नव्हे! आम्ही म्हणतों, हा पंडित रात्रीं निजत कोठें होता? कल्पनेच्या पलंगावर आजवर कोणाची पाठ टेकली आहे? त्याच ग्रंथांत तो म्हणतो, राज्य करणारे सोन्याचे, लढणारे रुप्याचे आणि शेतकरी व कारागीर लोखंडाचे नि पितळेचे. एवढें मात्र त्याच्या पदरांत टाकलें पाहिजे कीं, लोखंडाच्या पोटीं सोनें जन्मलें तर त्याला वर चढवावें, असेंहि त्यानें लिहून ठेविलें. आमच्याकडील शास्त्रांत तेवढीहि सोय नव्हती.

आमच्याकडे काय होतें तें पाहा. आद्य शंकराचार्यांनीं सांगितलें कीं, ब्रह्म एकच, तेंच सर्वांच्या ठायीं, आणि भेदभाव ही सारी माया. किती उदात्त विचार! पण त्याच आचार्यांनीं ब्रह्मसूत्रावर भाष्य लिहितांना शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाहीं, असा निर्णय दिला. म्हणजे भेद खोटा, पण भेदाचा कायदा खरा! जग मिथ्या, पण जगांतली दक्षिणा मिथ्या नव्हे! कोल्हापुरांत 1899 सालीं शाहू छत्रपति पंचगंगेवर स्नानास गेले, तेव्हां त्यांच्यासाठीं पुराणोक्त मंत्र म्हटले गेले. वेदोक्ताचा अधिकार नाहीं, असें भटजी म्हणाला. गादीवरच्या राजाची ही कथा, तर बांधावरच्या कुणब्याला आणि गांवकुसाबाहेरच्या भावाला कोण पुसतो? सर्वांभूतीं ब्रह्म पाहणाऱ्या डोळ्यांना नेमका समोरचा माणूस दिसत नाहीं, हा कोणत्या तत्त्वज्ञानाचा चमत्कार?

आतां वाङ्‌मयाकडे वळूं. 1855 सालीं जोतीरावांनीं 'तृतीय रत्न' हें नाटक लिहिलें. त्यांत देव नाहींत, राजे नाहींत. एक कुणबी आहे, त्याची गरोदर बायको आहे आणि ग्रहांची भीति घालून त्यांना नागवणारा जोशी आहे. हें नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे गेलें. मराठी ग्रंथांना उत्तेजन देणें हेंच तिचें काम. पण या नाटकाला तिनें नकार दिला. तें छापून लोकांसमोर येण्यास 1979 साल उजाडलें. सव्वाशें वर्षें कुणब्याचें रडणें कोणाला ऐकूं येऊं नये, म्हणजे कमाल झाली! पुढें 1885 सालीं मराठी ग्रंथकारांच्या सभेचें निमंत्रण न्यायमूर्ति रानड्यांकडून जोतीरावांना आलें. त्यांनीं तें नाकारलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, जे सर्व माणसांचे हक्क आपल्या वागणुकींत कबूल करीत नाहींत, त्यांच्या पुस्तकांचा नि आमच्या पुस्तकांचा मेळ बसावयाचा नाहीं. जो ग्रंथकार खेड्यांत चांदणें, विहीर नि समाधानी शेतकरी पाहतो, पण सावकाराची वही पाहत नाहीं, त्याच्या ध्येयवादाला आजहि हेंच उत्तर आहे.

राजकारणांतला ध्येयवाद याहून गोड. इंग्रजी अमदानींत एक मत रूढ होतें कीं, वरच्या वर्गांना आधीं शिकवावें, मग विद्या आपोआप खालीं झिरपेल. जोतीरावांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करून विचारलें कीं, सारा भरतो रयत, आणि शाळा-कॉलेजांचा लाभ भलत्यालाच कां? निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचें करा. आणि नांगराची मूठ किंवा सुताराचा तासणा हातीं धरण्यास न लाजणारे शिक्षक नेमा, अशी त्यांची मागणी होती. पाटाचें पाणी वरच्याच शेतांत मुरवून खालच्याला 'झिरपेल, थांब' म्हणणारे आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत!

1895 सालीं पुण्यास राष्ट्रीय सभा भरली. तिच्याच मांडवांत सामाजिक परिषद भरवावी, ही पूर्वीची वहिवाट. पण टिळकपक्षाच्या विरोधामुळें परिषदेला मांडव मिळाला नाहीं. आधीं स्वराज्य, सुधारणा मागाहून. घरच्या भांडणानें फूट पडेल, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा अगदींच पोकळ होता असें आम्ही म्हणत नाहीं, आणि स्वराज्य तर आम्हांलाहि हवेंच होतें. परंतु ज्याच्या पाठीवर ओझें आहे त्यालाच 'मागाहून' म्हणावयाचें, आणि ओझें उतरविण्याचा दिवस मात्र नेमावयाचा नाहीं, याला ध्येय म्हणत नाहींत, वायदा म्हणतात.

कोणी म्हणेल, हे लोक ध्येयाचेच वैरी दिसतात! मुळींच नाहीं. ध्येयावांचून शूद्राच्या पोरींसाठीं कोण शाळा काढील? जोतीराव नि सावित्रीबाई यांना त्या ध्येयासाठीं 1849 सालीं घर सोडावें लागलें. सावित्रीबाईंनीं अंगावर चिखल नि शेण झेललें. शाहू महाराजांनीं 1917 सालीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि त्याचा खर्च उचलला. कसोटी एकच : ध्येय ज्याचें, किंमत त्यानें मोजली काय? मोजली असेल तर पाय धरावे. दुसऱ्याच्या पाठीवर मोजली असेल तर हात धरावा.

पण हीच कसोटी आतां आपल्या घरालाहि लावूं. 'शेतकऱ्याचा असूड' 1883 सालीं लिहून झाला, तेव्हां आपल्याच 'दीनबंधु'नें पहिलीं दोन प्रकरणें छापलीं आणि पुढें हात आंखडला. भिडे वाडा कित्येक वर्षें पडका उभा होता, कोर्टकज्जे चालले, शेवटीं डिसेंबर 2023 मध्यें तो पाडला गेला आणि 2024 सालीं स्मारकाची कोनशिला बसली. स्मारक व्हावेंच. पण भिंत पडत होती तेव्हां आपण काय करीत होतों? जयंतीला मिरवणूक, गुलाल, 'जय जोति'चा गजर! आणि घरीं? पैसा कमी पडला तर पहिली शाळा सुटते ती मुलीची. भावाच्या फीसाठीं तिचें शिक्षण थांबतें, तिच्या हुंड्यासाठीं जमीन गहाण पडते, आणि मुहूर्त काढावयास आपण त्याच 'तृतीय रत्नां'तल्या जोशाच्या पायरीवर बसतों. बंधूंनो, राग मानूं नका. आपलें ध्येयहि या वेळीं आपल्या मुलीच्याच पाठीवर चढलेलें असतें.

म्हणून बुधवार पेठेंतून जाल तेव्हां त्या जागेपुढें हात जरूर जोडा. मात्र घरीं गेल्यावर आधीं मुलीचें दप्तर कोठें आहे, तें पाहा. तें खुंटीला धूळ खात असेल, तर जोतीरावांच्या तसबिरीला हार घालूं नका.