संदेश नको, भाकरीचं विचारा

आमच्या पाचोडच्या काही पोरांनी या आठवड्यात गल्लीतल्या एका आजींची मोबाईलवर मुलाखत घेतली आणि मला दाखवायला आणली. पोरं मेहनती, हेतू चांगला. म्हणूनच जास्त वाईट वाटलं. पहिला प्रश्न : ‘आजी, तुमच्या जीवनप्रवासाबद्दल सांगा.’ आजी म्हणाल्या, ‘काय सांगू बाबा, कष्टात गेलं.’ दुसरा प्रश्न : ‘आजच्या पिढीला काय संदेश द्याल?’ ‘चांगलं ऱ्हावं, आईबापाला सांभाळावं.’ मागे बासरी. अख्खा जन्म तीन मिनिटांत आटोपला.

याच आजी 1972च्या दुष्काळात खडी फोडायला होत्या. ‘कामावर भाकरी कशाची न्यायच्या?’ एवढंच मी त्यांना मागे विचारलं होतं. संध्याकाळ झाली तरी त्या बोलत होत्या. परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी, तिची भाकर थापताना कशी चिरायची. कामावर सुकडी मिळायची. अर्धी तिथंच खायची, अर्धी पदराच्या गाठीत लेकरासाठी. खडीचा ढीग मोजताना मुकादम पट्टी कशी धरायचा, हे त्यांनी हात लांब करून दाखवलं. मग गप्प झाल्या. मीही गप्प बसलो. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, ‘धाकटा त्याच साली गेला.’

हे कोणत्याही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ते त्या गप्प बसण्यातून आलं. पोरांच्या मुलाखतीतही आजी दोनदा थांबल्या आहेत. एकदा पुढचा प्रश्न आला, एकदा नातू मध्येच बोलला. उरलेली शांतता कापून तिथं बासरी घातली. माणूस थांबतो तेव्हा आतून काहीतरी वर येत असतं. तेवढी उसंत त्याला द्या.

साध्या माणसांना विचारून त्यांचं बोलणं जपण्याचं हे काम आपल्याकडे फार मोठं झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. कोणत्या बाईची, कोणत्या गावची, हे टिपून ठेवलं. हजारो ओव्या बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधत घरोघर गेल्या. त्या मुलाखतींचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक 1989 साली आलं. ज्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं, त्यांना या चौघांनी नीट विचारलं.

पोरांनो, तुमच्या हातात फोन आहे, तेव्हा एवढं करा. टीव्ही, पंखा बंद करा. घरच्यांना थोडा वेळ बाहेर बसवा. जुना फोटो, रेशनकार्ड, विळा, जे असेल ते हातात द्या. भाकरीचं, पाण्याचं, मजुरीचं विचारा. खुशाल कापाकापी करा, पण मूळ रेकॉर्डिंग जपा. नाव, गाव, तारीख लिहा. आणि गावात दाखवण्याआधी त्या माणसाला ऐकवून विचारा, चालेल का.

आता वेळ थोडा उरलाय. आपल्या मराठवाड्यातली निजामाची राजवट 17 सप्टेंबर 1948 रोजी संपली. कळत्या वयात ती पाहिलेली माणसं आता 85च्या पुढे आहेत. पुढच्या मुक्तिदिनाची वाट बघू नका, याच रविवारी त्यांच्याकडे जा.