बॅटरीच्या उजेडातला ससा

दिवाळीत घर भरलं होतं. फराळ चालू असताना पुतण्याच्या मुलाने मोबाइल पुढे केला. "नाना, हे बघा!" जीपच्या बॉनेटवर चार ससे ओळीने मांडलेले, बाजूला आमचीच पोरं हसत उभी. मी चिडलो तर उत्तर तयार : "नाना, सातपुड्यात ही परंपराच आहे. भिल्ल, पावरे करतातच ना?"

याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा!

१९७४ साली मी धडगावकडच्या शाळेत रुजू झालो. नंदुरबार जिल्हा तेव्हा नव्हता (तो १९९८ चा), आम्ही धुळ्याचे. तिकडे मी हाका पाहिलाय, आणि खोटं कशाला बोलू, रश्शाची वाटीही घेतली आहे. दहा-पंधरा माणसं काठ्या, तीरकामठे आणि दोन-तीन कुत्री घेऊन करवंदीच्या, बोरीच्या जाळ्या झोडपत पुढे सरकायची. आपला रानससा बीळ खणत नाही. (पाठ्यपुस्तकातला तो पांढरा, लाल डोळ्यांचा ससा वेगळा. वर्गात हे सांगून सांगून माझा घसा बसायचा.) हा गवतात दबून बसतो, पाय अगदी जवळ येईपर्यंत हलत नाही, आणि मग एकदम उसळतो. काट्यांत काठी अडकते, बाण भलतीकडे जातो, कुत्रं ओरबाडून बाहेर येतं. मी गेलो त्यातल्या बहुतेक वेळा रिकाम्या हातांनीच परतलो. जाळी सशाच्या बाजूची होती.

आणि तुमचं काय? रात्री गाडी, हातात झगझगीत बॅटरी. डोळ्यांवर उजेड पडला की ससा जागीच थिजतो. त्याला मारायला ना पाय लागतात ना डोकं. वर घरी चुलीवर मटण शिजतच असतं! यात भिल्लांचं नाव घेताना जीभ कशी रेटते?

कायद्याचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना काढून लहान शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ते बंद झालं. आज तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, फासेवाल्याला आणि जीपवाल्याला सारखीच. माझ्या पाहण्यात मात्र सापडला तो फासेवालाच. असो.

बरं, दडायला जाळी तरी कुठे उरली? तीन वर्षांपूर्वी आमच्याच मळ्याचा बांध जेसीबीने साफ केला. बोरी, तरवड, निवडुंग, सगळं पेटवलं. दोन गुंठे रान वाढलं. मला विचारलं होतं आणि मी "करा" म्हणालो होतो. तेव्हा शिव्या घालायच्या तर मलाही घाला.

दोघांनी फोटो काढून टाकला. तिसरा "बघतो नाना" म्हणतोय. तो हे वाचतो, मला ठाऊक आहे. बाळा, मृगाच्या आधी मळ्यावर ये. बांधावर बोरीच्या बिया टोकायच्यात, माझ्याने आता वाकवत नाही. बॅटरी घरी ठेव.