फाइलला लागलेले कुलूप

आष्टीसारख्या तालुक्याच्या गावीही आता खतावणीची जागा संगणकाने घेतली आहे. दरमहा विवरणपत्रे भरणाऱ्यांची ११ आणि २० तारीख जवळ आली, की जीएसटीची घाई उडते आणि नेमकी त्याच वेळी एक्सेलची फाइल उघडताना पाटी झळकते : ही फाइल अन्य व्यक्तीने संपादनासाठी कुलूपबंद केली आहे. मग संगणक बिघडला असे ठरते व दुरुस्ती करणाऱ्यास फोन जातो.

वास्तविक बिघडलेले काहीच नसते. आमच्या बँकेत संगणक येण्यापूर्वी खातेवही एका वेळी एकाच लिपिकाच्या मेजावर असे. दुसऱ्याने शिल्लक पाहावी, परंतु नोंद करावयाची तर वही हाती येईपर्यंत थांबावे. एक्सेल हाच दंडक पाळते. फाइल उघडताच ते त्याच फोल्डरमध्ये ‘~$’ या चिन्हांनी सुरू होणारी एक लहानशी अदृश्य फाइल निर्माण करते व तीत उघडणाऱ्याचे नाव टिपून ठेवते. फाइल बंद होताच ती नाहीशी होते.

म्हणून प्रथम पाटीवरील नाव वाचावे. पुष्कळ दुकानांत सर्व संगणकांवर ‘यूजर’ किंवा पेढीचेच नाव असते. त्यावरून काहीच बोध होत नाही. एक्सेलच्या ऑप्शन्समधील जनरल या भागात प्रत्येकाचे खरे नाव एकदा घालून ठेवावे. पुढील निम्मा शोध त्यानेच वाचतो. त्या व्यक्तीस फाइल जतन करून बंद करावयास सांगितले, की प्रश्न मिटला.

कोणाकडेही फाइल उघडी नसेल, तर बहुधा वीज गेलेली असते. संगणक अचानक बंद पडला, की ती अदृश्य फाइल मागे राहून जाते. एक्सप्लोररच्या व्ह्यू या पर्यायातून हिडन आयटम्स दृश्य करावेत आणि सर्व संगणकांवर एक्सेल बंद असल्याची खात्री करूनच ती ‘~$’ची फाइल पुसावी, मूळ फाइलला हात लावू नये. ती पुसली जात नसेल, तर कोठे तरी एक्सेल अजून चालू आहे असे समजावे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडल्यास पडद्यामागे रेंगाळणारे एक्सेल दिसते. ‘एंड टास्क’ने ते थांबते, मात्र जतन न केलेले काम गमावण्याची तयारी हवी. कधी एक्सप्लोररची प्रिव्ह्यूची चौकटच फाइल अडवून बसते; ऑल्ट व पी ही बटणे दाबून ती मिटवावी.

या तपासाचा कंटाळा करून बहुतेक जण निराळ्या नावाने प्रत करतात. ‘खरेदी नवी’, ‘खरेदी नवी २’, ‘खरेदी अंतिम’ अशा फाइलींची रांग मी कित्येक पेढ्यांत पाहिली आहे. ही युक्ती सर्वांत महाग पडते. मुनीमजींच्या प्रतीत शेतकऱ्यास दिलेली उचल असते, चिरंजीवांच्या प्रतीत त्याच्या सोयाबीनचे बिल. चुकता हिशेब चिरंजीवांच्या प्रतीवरून झाला, तर उचल बुडते. दोघांनीही ती नोंदली असेल आणि प्रती एकत्र करताना ध्यानात आले नाही, तर शेतकऱ्याकडून दुप्पट कापली जाते. खरेदीच्या बिलांचे तसेच. एखादे गळाले, की त्यावरील कराची वजावटही त्या महिन्यात गळते.

पासवर्डाचे कुलूप मात्र वेगळ्या जातीचे. फाइल उघडण्यासाठी घातलेला पासवर्ड विसरल्यास मायक्रोसॉफ्टही तो परत मिळवून देत नाही. टॅलीमधील टॅलीव्हॉल्टचीही तीच गत. इंटरनेटवर फुकट कुलूप उघडून देणाऱ्यांच्या हाती आपली खतावणी सोपवू नये. बँकेत तिजोरीच्या दुय्यम किल्ल्या मोहोरबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवण्याची पद्धत असते. पासवर्डही कागदावर लिहून, पाकिटाच्या जोडावर स्वाक्षरी करून घरच्या तिजोरीत ठेवावा. आणि पासवर्ड बदलला, की त्याच दिवशी पाकीटही बदलावे.