अपयश : पायरी की मुक्काम?

'अपयश ही यशाची पहिली पायरी' हे वाक्य शाळेच्या भिंतीपासून गौरवग्रंथांच्या प्रस्तावनांपर्यंत सर्वत्र भेटते. वरवर पाहता ते हरलेल्या माणसाला धीर देते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की अपयशाला स्वतःचे मोल नाही. मागाहून येणाऱ्या यशामुळेच ते क्षम्य ठरते. ज्याच्या वाट्याला पुढची पायरी आलीच नाही, त्याच्याविषयी हे सुभाषित गप्प राहते. ख्रिस्ती श्रद्धा नेमकी तिथे बोलते, आणि मराठीच्या अभ्यासकांनी ते ऐकायला हवे, असे आमचे मत आहे.

पेत्राची गोष्ट घ्या. येशूला धरून नेल्यावर महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात पेत्र कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा असतो, आणि तीन वेळा गुरूशी असलेले आपले नाते नाकारतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित येशू त्याला सरोवराकाठी भेटतो, तेव्हा तिथेही कोळशाचाच विस्तव पेटलेला आहे. मूळ ग्रीकमधला तो शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. आणि 'माझ्यावर तुझे प्रेम आहे का' हे विचारणेही तीनदाच होते. म्हणजे नकारांवर बोळा फिरवला जात नाही. त्यांची आठवण जागी ठेवूनच पेत्रावर कळप सोपवला जातो. पुनरुत्थान म्हणजे अखेर विजयच की, अशी शंका कोणी घेईल. पण थोमाला दाखवलेल्या हातांवर खिळ्यांचे व्रण कायम आहेत.

ही दृष्टी मराठीला परकी नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. १९१७ साली मिशनच्या वेतनाचा आधार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. १९१९ साली ते गेले आणि दरबारही फार काळ टिकला नाही. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन'चे जेमतेम दहा-अकरा अध्याय त्यांच्या हातून झाले होते. यशाच्या हिशेबात हे आयुष्य अर्धवटच भरेल. नंतरचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.

त्याच लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. वर्गात आपण या पुस्तकाला 'निर्मळ विनोद', 'प्रांजळ निवेदन' असे शेरे देऊन मोकळे होतो. शेरे खोटे नाहीत, पण अपुरे आहेत. फसलेले बेत, मोडलेली बिऱ्हाडे, स्वतःची फजिती हे सारे सांगताना लक्ष्मीबाई त्यातून यशाचा बोध काढत बसत नाहीत. नवऱ्याचा लहरीपणा त्या लपवीत नाहीत आणि त्याच्यावरची माया मागेही घेत नाहीत. त्याच विस्तवाशी पुन्हा बसून बोलण्याची ही रीत आम्हांला केवळ स्वभावाची वाटत नाही. तिच्यामागे श्रद्धाही उभी आहे.

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा. टिळकांच्या धर्मांतरानंतर कित्येक वर्षे लक्ष्मीबाईंनी त्यांच्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने काढली. एकाच्या झेपेची किंमत दुसऱ्याने मोजली. तेव्हा अपयशाला कवटाळण्याची भाषा जबाबदारी टाळणाऱ्यांच्या सोयीची ठरू शकते. पण पेत्राला प्रश्न चुकले नाहीत, हे विसरून चालणार नाही. अपयशाचा स्वीकार म्हणजे ज्याला त्याची झळ लागली त्याच्यासमोर उत्तर द्यायला उभे राहणे. 'स्मृतिचित्रे'त ती झळ सोसणारीच बोलते आहे, म्हणून त्या क्षमेला वजन आहे.

आपण शिक्षक आणि विद्यार्थी रोज गुणपत्रिकांच्या आणि अपुऱ्या राहिलेल्या प्रबंधांच्या सहवासात असतो. नापास झालेल्या मुलाला 'पुढच्या वेळी जमेल' असे आपण सांगतो, पण ते आपल्या हाती नसते. आजच्या निकालासकट वर्गात त्याचे बाक राखून ठेवणे मात्र आपल्या हाती असते. ते आपण करतो का, एवढाच आमचा प्रश्न आहे.