दप्तरे बोलू लागतात तेव्हा...

निष्कर्ष आधी ठरवायचा आणि पुरावे मागाहून गोळा करायचे, ही साम्यवादी राजवटींची जुनी रीत. १९८६ साली कीव येथील इतिहासकार स्तानिस्लाव कुलचित्स्की यांच्या वाट्याला असेच काम आले. युक्रेनमधील १९३२-३३ च्या भीषण दुष्काळाविषयी पाश्चात्त्य जगात संशोधन सुरू झाले होते; रॉबर्ट कॉन्क्वेस्ट यांचा ग्रंथही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. या साऱ्याचे खंडन करण्यासाठी पक्षाने आयोग नेमला आणि कुलचित्स्की त्याचे सदस्य झाले.

खंडनासाठी बंद दप्तरे उघडली गेली आणि त्या दप्तरांनी खंडनाचाच आधार काढून घेतला. सामुदायिक शेतातील धान्य उचलणाऱ्यास मृत्युदंडापर्यंत शिक्षा ठरवणारा ७ ऑगस्ट १९३२ चा हुकूम, भुकेल्या शेतकऱ्यांना युक्रेनबाहेर पडण्यास मज्जाव करणारा २२ जानेवारी १९३३ चा आदेश आणि त्याच काळात चालू राहिलेली धान्याची निर्यात! दोष केवळ निसर्गाचा कसा म्हणावा? सुमारे ३५ ते ४० लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. १९३७ ची जनगणना तर स्टालिनने दडपूनच टाकली.

डिसेंबर १९८७ मध्ये युक्रेनचे पक्षप्रमुख श्चेरबित्स्की यांना दुष्काळाची जाहीर कबुली द्यावी लागली. १९९० मध्ये मूळ कागदपत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. २००६ मध्ये युक्रेनच्या संसदेने या घटनेला वंशसंहार ठरवले. त्या शब्दाविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत आणि ते रास्तच आहेत. मात्र दुष्काळ घडलाच नाही, असे म्हणण्यास आता जागा उरलेली नाही.

तथापि, उघडलेले दार सोयीपुरते उघडे ठेवता येत नाही. १९४३ मध्ये व्होलिनिया प्रांतात युक्रेनी बंडखोर सेनेने हजारो पोलिश नागरिकांची हत्या केली, हेही इतिहासाच्या पानांवर आहे. ९ एप्रिल २०१५ रोजी युक्रेनच्या संसदेने जुन्या गुप्त पोलिसांची दप्तरे सर्वांना खुली केली. त्याच दिवशी त्या सेनेसह स्वातंत्र्यसैनिकांचा अनादर बेकायदा ठरवणारा कायदाही संमत झाला. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्याने अडवायचे, असाच हा प्रकार! रशियाने तर पुढची पायरी गाठली. दडपशाहीच्या बळींची स्मृती जपणारी ‘मेमोरियल’ ही संस्था विसर्जित करण्याचा आदेश तेथील सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला.

राष्ट्राचा स्वाभिमान सत्याने खचत नाही. सत्याच्या भयाने खचतो. आपल्या पूर्वजांचे अश्रू आणि अपराध एकाच दप्तरात वाचण्याचे धैर्य ज्या समाजापाशी असते, त्याचा इतिहास दुसऱ्या कुणाला लिहून द्यावा लागत नाही.